वेशीवरचा शब्द

मावशीला कुणी विचारलं की तुम्ही शनिवार-रविवारी करता तरी काय, तर ती सांगायची, वेशीवर उभी असते. एवढ्यावर समाधान झालं तर ठीक, नाहीतर ती सगळं पहिल्यापासून सांगायला घ्यायची, आणि मग ऐकणाऱ्याची बस हमखास चुकायची.

आपण आटोपशीर सांगू. शहराबाहेर कौलांचा एक कारखाना आहे, कधीचा बंद पडलेला. भट्ट्या गार, छपरं शाबूत, मध्ये ऐसपैस अंगण. तिथं दोन-तीन महिन्यांतून एकदा चाळीस-पन्नास माणसं जमतात आणि दोन दिवस एक गाव होऊन राहतात. कुणी लोहार होतो, कुणी वैद्य, कुणी रुसून घर सोडलेली सरदाराची मुलगी, कुणी भामटा. अंगावर जुन्या काळचे झगे नि अंगरखे. संवाद कुणी लिहून देत नाही, समोर प्रेक्षक नाहीत, पडदा नाही. आपलं पात्र घ्यायचं आणि त्याच्या मनानं बोलायचं, भांडायचं, कट करायचे, ठरलेली लग्नं मोडायची. रविवारी संध्याकाळी अंगरखे पिशवीत कोंबायचे आणि सोमवारी निमूटपणे आपापल्या कामावर हजर. मावशीची बहीण म्हणायची, घोड्याएवढी झालीत आणि भातुकली खेळतात. पण हा खेळ चालवायचा तिचाच मुलगा, म्हणजे मावशीचा भाचा, त्यामुळे तिला फार तोंड वाजवता यायचं नाही.

मावशी मुळात गेली होती ती शिवणकामासाठी. भाच्याला अंगरख्यांना अस्तरं लावून हवी होती आणि भाच्याला नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही. तिनं लग्न केलं नव्हतं, बहिणीच्या घरी माडीवरच्या खोलीत राहायची, पोरगं तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेलं. अस्तरं लावून झाल्यावर भाचा म्हणाला, आता आलीच आहेस तर थांब, गंमत बघ. ती थांबली आणि अर्धा दिवस एका भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी तिच्याशी एक शब्द बोललं नाही. माणसं वाईट नव्हती हो, पण ज्याचं त्याचं आधीच जुळलेलं होतं. जुन्यांची जुनी भांडणं, जुने विनोद, एकानं भुवई उडवली की दहा जण हसणार. नव्या माणसानं त्यात शिरावं कुठून? मावशीसारखीच आणखी एक मुलगी भिंतीपाशी उभी होती. ती जेवायच्या आधीच पिशवी उचलून निघून गेली, आणि गेली हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही.

परतताना मावशीनं भाच्याला फैलावर घेतलं. गाव झकास आहे तुझं, म्हणाली, पण तुझ्या गावात आल्यागेल्याला कुणी पाणी विचारत नाही. भाचा स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिला आणि शेवटी वैतागून म्हणाला की मग तूच बघ काय करायचं ते. त्याला वाटलं, विषय मिटला.

पुढच्या खेळाला मावशीनं कारखान्याच्या लोखंडी फाटकावर जुन्या पडद्याचं कापड ताणलं, त्यावर दगडांची कमान रंगवली आणि स्वतः कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवून उभी राहिली. ही झाली गावाची वेस. आत शिरायचं ते तिच्या डोळ्यांदेखत. नवं माणूस आलं की ती विचारायची, कोण तू, कुठून आलास? त्याला सुचेल ते तो सांगायचा, आणि मग मावशी त्याला नातं लावून द्यायची. आत वळून हाक मारायची की अगं लोहारणी, हा तुझ्या मावसबहिणीचा दीर, ओळखलं नाहीस का? लोहारणीला ओळखावंच लागायचं. एरवी ही लोहारीण एका विमा कचेरीत आकडेमोड करायची, पण वेशीवरून हाक आली की धावत यायची आणि कधी न पाहिलेल्या नातेवाइकाच्या गळ्यात पडायची. नात्याशिवाय कुणी आत जायचं नाही.

दुसरी गोष्ट तिनं जुन्यांच्या कानीकपाळी ओरडून बसवली. नव्या माणसाला काही देत बसू नका, त्याच्याकडे काहीतरी मागा. विस्तव मागा, निरोप न्यायला सांगा, भांडणात साक्षीला ओढा. देत राहिलं की तो पाहुणाच राहतो, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. ज्याला जेवणाआधी दोघातिघांनी कामाला लावलं तो संध्याकाळपर्यंत गावच्या भानगडीत मत द्यायला लागलेला असायचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात कडक. वेशीवर जे बोललं गेलं ते गावात खरं. हेही उगाच नव्हतं. एका नव्या बाईनं वेशीवर सांगितलं होतं की मी राणीची दाई होते, आणि आतल्या दोन अतिशहाण्यांनी राणीला मूलच कसं नव्हतं हे पुराव्यानिशी सिद्ध करून तिला रडकुंडीला आणलं. त्या दिवशी मावशीनं त्या दोघांची अशी हजेरी घेतली की ते आजही तिला बघितलं की टोपी सारखी करतात. तेव्हापासून नियमच झाला. वेशीवरच्या शब्दाला आत कुणी हात लावायचा नाही.

आणि खेळातून बाहेर यायचं असेल तर एकच खूण: तळहात डोक्यावर ठेवायचा. हात डोक्यावर म्हणजे आता मी लोहारीण नाही, वैद्य नाही, मी माझा मी आहे. चक्कर येतेय, घाबरायला होतंय, घरी फोन करायचाय, काय असेल ते. ही खूण मावशी नव्या माणसाकडून बाहेरच करून घ्यायची, दोनदा.

वर्षं गेली. मावशीच्या हातून आत गेलेला माणूस टिकायचाच. आजूबाजूच्या शहरांतले असेच खेळ खेळणारे गट भाच्याला विचारायचे, तुमच्याकडे नवीन लोक पळून कसे जात नाहीत? भाचा सांगायचा, आमच्याकडे मावशी आहे. मावशी वरवर म्हणायची, चल, काहीतरीच तुझं. पण माडीवर जाऊन आरशासमोर वेणी सोडताना तिच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं असायचं.

तिच्या हाताला हे जमलं होतं ते नोकरीमुळे. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर ती बसायची. दातांच्या दवाखान्यात हौसेनं कोण येतं? गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी, रात्रभर फेऱ्या मारलेल्या. अशा माणसाला कुणी विचारलं की काय होतंय, कधीपासून, तर तो बिचारा तोंड तरी कसं उघडणार? मावशीनं आपली एक रीत पाडली होती. तिचे प्रश्न नुसती मान हलवून उत्तर देता येईल असे असायचे. डावीकडे का? खालची? गार पाणी लागतं? झोप नाही ना? माणूस मान हलवायचा आणि एवढ्यानंच त्याचं अर्धं दुखणं हलकं व्हायचं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मावशी, अर्धा दात तुम्हीच काढता. समोरच्याला बोलायचा त्रास पडू द्यायचा नाही, हीच मावशीच्या लेखी माया. दवाखान्यात ती कधी चुकली नाही.

तर असा एक शनिवार, आणि तो आला. तिशी ओलांडलेला, उंच, खांद्यात जरा वाकलेला. फळांच्या शीतगृहात कामाला होता. दिवसभर पेट्यांच्या रांगा, आणि यंत्रांची घरघर एवढी की कानांवर जाड झाकणं लावून काम करायचं आणि एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायचं. घरी फक्त वडील, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. आता हे सगळं मावशीला कळलं ते फार पुढं. भाच्याला मात्र त्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं की मला भरपूर बोलायला मिळेल असं काहीतरी द्या, दवंडी पिटणारा द्या, गोष्टी सांगणारा द्या, काहीही चालेल. भाच्याच्या डोक्यात त्या दिवशी शंभर व्याप. तो मावशीला हे सांगायला विसरला.

त्या दिवशी वेशीवर रांग लागली होती. तो पुढं आला. अंगरखा नवा, त्यानंच शिवून घेतलेला, पट्ट्याला एक छोटी थाळी आणि टिपरू लटकवलेलं. मावशीनं नेहमीच्या ठसक्यात विचारलं, कोण तू, कुठून आलास? त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यानं आवंढा गिळला, परत तोंड उघडलं. रांगेतली माणसं माना वाकडी करून बघायला लागली. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले, अगदी पाळीच्या टोकापर्यंत. दवाखान्याच्या टेबलापाशी असं तोंड तिनं हजारदा पाहिलं होतं, आणि त्या तोंडाला काय करायचं हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. तिनं पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे, लेकरा. तू मुका आहेस, कळलं मला." मग आत वळून म्हणाली, "लोहारणी, तुझा मुका भाऊ आला गं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मावशीला वाटलं, सुटल्याचा आनंद आहे. आणि खरं सांगायचं तर थोडा असेलही. लोहारीण धावत आली, दादा दादा करत त्याला घेऊन गेली. रांग पुढं सरकली. थाळीचं काय करायचं, ते कुणी विचारलं नाही.

वेशीवर बोललं गेलं ते गावात खरं. तो मुका झाला.

आणि झाला तो असा झाला की बघत राहावं. हातांनी बोलायची त्याला कामामुळे सवयच होती, पण इथं त्या हातांना बहर आला. भांडणं सोडवायचा, लहानसहान चोऱ्या पकडायचा, लोहारणीच्या लग्नाची बोलणी त्यानं नुसत्या बोटांनी फिसकटवून टाकली आणि सगळं गाव पोट धरून हसलं. भेटल्यावर दोन बोटं छातीला लावायची आणि मग तळवा उघडून समोर धरायचा, ही त्याची खूण. मी आहे, तुझं बरं आहे ना, असा काहीसा अर्थ. दोन-तीन खेळांतच सगळं गाव तीच खूण करायला लागलं. नव्या लोकांना जुने लोक कौतुकानं दाखवायचे, तो बघ आमचा मुका, आजवर एक शब्द बोललेला नाही.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण खेळ संपल्यावर, कपडे बदलून बसची वाट बघतानाही माणसं त्याच्याशी हातांनीच बोलायची. थट्टा म्हणून, प्रेमानं. एकदा चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "अहो, मी काय म्हणतो..." आणि सगळी टोळी ओरडली, मुका बोलला, मुका बोलला. एकानं तर चक्कर आल्याचं सोंग केलं. तो हसला. सगळ्यांबरोबर हसला आणि चहा पीत राहिला. मावशीही तिथंच होती, आणि तीही हसत होती. पुढं कितीतरी वेळा जेवतानाच तिला तो चहाचा पेला आठवायचा आणि घास गिळवायचा नाही.

असं वर्ष-दोन वर्षं चाललं. मग एकदा शनिवारी सकाळी, अजून कुणी आलं नव्हतं, मावशी शिडीवर चढून वेशीचं कापड बांधत होती. तोंडात चिमटे धरलेले. तो लवकर आला आणि शिडी धरून उभा राहिला. थोड्या वेळानं खालून म्हणाला, "मावशी, मला बोलायचंय. गावात."

आवाज अगदी खालच्या पट्टीतला, जरा घोगरा. मावशीनं चिमटे तोंडातून काढले. खाली उतरली. त्याला म्हणाली की अरे, तुझ्या गप्प राहण्यावर तर गाव जीव टाकतं. तो म्हणाला, हो.

आता बघा, नियम तिचा. तिनं त्याच क्षणी म्हटलं असतं की जा रे, आज तुला वैद्याच्या काढ्यानं वाचा फुटली, जा आत आणि वाट्टेल ते बडबड, तर कोण तिला अडवणार होतं? पण तिला वाटलं, वेशीवरचा शब्द आपणच मोडला तर उद्या दुसरा कुणी मोडेल. आणि दुसरंही एक होतं, ते तिनं स्वतःशीसुद्धा उशिरा कबूल केलं. हा मुका म्हणजे तिची करामत होती. बिथरलेल्या माणसाला एका वाक्यात गावाचा लाडका करून दाखवलं होतं तिनं. ती करामत मोडायला तिचं मन घेईना. तिनं सांगितलं, मी भाच्याला विचारते.

भाच्याचे डोळे चमकले. बोलायचंय? मग असं फुकट कशाला घालवायचं? पुढच्या खेळात मोठा प्रसंग करू. सगळं गाव अंगणातल्या कोरड्या हौदाभोवती जमेल, वैद्य त्याला पाणी देईल, आणि मुका पहिला शब्द बोलेल. लोक वर्षानुवर्षं आठवण काढतील. मावशीनं ते मुक्याला आनंदानं सांगितलं. तो म्हणाला की एवढं मोठं नको. असंच कुणाशीतरी, बसल्या बसल्या... आणि वाक्य तसंच सोडून दिलं. मावशीनं त्याच्या पाठीवर थोपटलं, घाबरू नकोस म्हणाली, मी असेन समोर.

आणि ती समोर होती, हेच तर दुखणं आहे.

रविवारची संध्याकाळ. उन्हं भट्टीच्या धुराड्यावर गेलेली. सगळं गाव गोल करून उभं, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. वैद्यानं तांब्या दिला, तो प्याला. तांब्या खाली ठेवला. सगळ्यांचे डोळे त्याच्या ओठांवर. त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही. आवंढा गिळला, परत उघडलं. मावशीला त्याचे कान दिसले. पाळीच्या टोकापर्यंत लाल. जे वेशीवर झालं होतं तेच परत, फक्त आता सगळ्या गावासमोर. मग त्याचा उजवा हात वर जायला लागला. छातीवरून, हनुवटीवरून, कानापर्यंत. तो हात कुठं चालला होता हे त्या गर्दीत एकट्या मावशीला कळलं, कारण ती खूण तिनंच त्याला दोनदा करून दाखवायला लावली होती. हात डोक्याकडे चालला होता. मला बाहेर काढा, असं तो सांगत होता.

तेवढ्यात कुणीतरी हुंदका दिला. हात कानापाशी थबकला. त्यानं गोलात सगळीकडे पाहिलं, मावशीकडेही पाहिलं. मग हात खाली आला, दोन बोटं छातीला लागली, तळवा उघडून समोर झाला.

गाव फुटलं नुसतं. वाचा मिळत असताना त्यानं ती नाकारली, असा अर्थ लोकांनी लावला. काय समज, काय अभिनय, लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते. भाच्यानं त्याला मिठी मारली. आणि मावशी? मावशीला सगळं समजलं होतं. चार पावलं पुढं होऊन त्याला गोलातून बाहेर न्यायचं होतं, बस्स, एवढंच काम होतं तिचं. ती जागची हलली नाही. सगळे वाजवत होते म्हणून तिनंही टाळ्या वाजवल्या.

खेळ संपल्यावर तो वेशीपाशी आला. अंगरखा नीट घडी घालून त्यानं फाटकापाशी मांडलेल्या तिच्या टेबलावर ठेवला, वर ती थाळी आणि टिपरू. तिला वाटलं, काहीतरी बोलायला हवं. पण बाकीचे लोक त्याच्या पाठीवर थापा मारत जात होते, आणि मावशी आपली किल्ल्या मोजत राहिली. त्यानं खूण केली आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

भाच्याला निरोप मिळाला, वडिलांकडे बघावं लागतं, जमणार नाही. गावानं हळहळ केली. लोहारणीनं खेळात भावासाठी रीतसर शोक केला, तोही फार सुंदर झाला म्हणे. आणि मग एक दिवस जेवताना भाचा सहज बोलून गेला की गंमत बघ, हा पहिल्यांदा फोनवर म्हणाला होता मला दवंडीवाला करा. दिवसभर कामावर बोलणं नाही, घरी बाबांना ऐकू येत नाही, कुठंतरी बोलायला जागा हवी म्हणून तर येतो म्हणाला होता. मी तुला सांगितलं नव्हतं का?

मावशी ताटावरून उठली. बहिणीला वाटलं, पित्त झालं असेल. माडीवर जाऊन ती नुसती पलंगावर बसून राहिली. माणूस बोलायला आला होता आणि आपण त्याचं तोंड शिवून टाकलं, तेही मायेनं. रागानं केलं असतं तर माफी तरी मागता आली असती. दुसऱ्या दिवशी तिनं त्याचा नंबर भाच्याकडून घेतला. फोन लावला आणि पलीकडे वाजायला लागताच कापून टाकला. काय म्हणणार होती ती, बोल म्हणणार होती?

वेशीवर मात्र तिनं बदल केला. फाटकाच्या बाहेर एक बाक आणून ठेवला. नव्या माणसाला शब्द सुचेना तर ती त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि काही म्हणत नाही. मागं रांग खोळंबते, आतून भाचा हाका मारतो, मावशी ढिम्म. कुणी अर्धा तास बसतं, कुणी नुसतं रडतं, कुणी शेवटी म्हणतं की आज मी नुसता बघतो, चालेल का? चालतं. पण माणूस कोण आहे ते त्याच्या आधी मावशी सांगत नाही. लोक म्हणतात, म्हातारपणी मावशी जरा मंद झाल्या. म्हणोत बापडे.

आणि परवाची गोष्ट. दवाखान्याच्या खिडकीचा पडदा खाली आला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याची दांडी आणायला पिटाळलं. चौकाच्या अलीकडे हार्डवेअरचं एक लांबलचक दुकान आहे. मावशी दांड्यांच्या मांडणीपाशी उभी होती आणि पलीकडे, रंगाच्या डब्यांच्या बाजूला, कुणीतरी गोष्ट सांगत होतं. शीतगृहात कोंडल्या गेलेल्या एका मांजराची. मांजर कसं पेट्यांवर चढलं, साहेबांच्या लोकरी टोपीत कसं झोपलं, साहेब टोपी घालायला गेले तर काय झालं. आवाज घोगरा, पण काय रंगवून सांगत होता. साहेबाचा आवाज वेगळा, मांजराचं गुरगुरणं वेगळं, मध्येच असा थांबायचा की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. दुकानाची पोरं खिदळत होती. गल्ल्यावरचा मालकसुद्धा मान वळवून ऐकत होता. मावशी हातात दांडी धरून एकटीच हसायला लागली. शीतगृह हा शब्द कानात शिरूनही तिच्या काही ध्यानात आलं नाही. हा इतका बोलका माणूस आहे तरी कोण, ते बघावं म्हणून ती मांडणीला वळसा घालून पलीकडे गेली.

तो होता. खांदे आता तेवढे वाकलेले नव्हते. एक हात हवेत, मांजराची उडी दाखवत.

त्यानं मावशीला पाहिलं आणि वाक्य मध्येच तुटलं. हवेतला हात खाली आला. दोन बोटं छातीला लागली, तळवा उघडून समोर झाला.

पोरं म्हणायला लागली, पुढं काय झालं, सांगा की. तो काही सांगेना. नुसता मावशीकडे बघत उभा, चेहऱ्यावर तेच जुनं सौम्य हसू. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मावशीनं दांडी डब्यांना टेकवली. तिलाही शब्द सापडेना. मग तिला जे एकच सुचलं ते तिनं केलं. भर दुकानात, सगळ्यांदेखत, तिनं आपला तळहात डोक्यावर ठेवला.

त्यानं त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचे ओठ हलले, आणि तिला वाटलं, आता. त्यानं आवंढा गिळला. कान लाल व्हायला लागले. आणि तिला स्वच्छ कळून चुकलं की ती समोर आहे तोवर ह्याला बोलता येणार नाही. हात डोक्यावर असो नाहीतर खिशात असो, त्याच्यासाठी ती अजून वेशीवरच उभी होती.

मावशीनं मान हलवली, जशी दवाखान्यात लोक तिच्यापुढं हलवायचे तशी, आणि मागं वळली. दांडी तिथंच राहिली. गल्ल्यावरच्या मालकानं विचारलं, काय झालं, मिळालं नाही का? ती काचेच्या दारातून बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आतून दिसणार नाही अशी. दाराला थोडी फट राहिली होती. आत पोरं परत विचारत होती. मग तो घोगरा आवाज आला, आधी जरा अडखळत, मग चढत गेला. साहेबांनी टोपी घातली होती, मांजर जागं झालं होतं. आत हशा उसळला.

मावशीनं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि मग दवाखान्याच्या दिशेनं चालू लागली. सिग्नलपाशी एक बाई तिच्याकडे टकमक बघत होती, तेव्हा तिच्या लक्षात आलं, तिचा हात अजून डोक्यावरच होता.